तळलेले पदार्थ कमी तेलकट कसे करावेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिठात बुडवून तळलेला तुकडा हातात घेताच बोटं तेलानं माखावीत, खाल्ल्यावर घशाशी तेल यावं, हे तळणाऱ्याच्या मनाला लागतं. मेहनत सगळी केलेली असते. मग आपण कधी पिठाला दोष देतो, कधी तेलाला. माझं लक्ष या विषयात गुंतलं ते एका साध्या अनुभवामुळे. त्याच पिठाचे, त्याच कढईतले दोन घाणे काढले होते. एक हलका झाला, दुसरा तेलानं जड. फरक कुठून आला हे शोधत गेलो आणि जे समजलं ते लोक नेहमी विचारतात त्या प्रश्नांच्या ओघात इथे मांडलं आहे.

पदार्थात तेल नेमकं केव्हा शिरतं?

बहुतेकांची समजूत अशी की पदार्थ कढईत असतो तोवर तेल पीत राहतो आणि बाहेर काढला की थांबतो. घडतं ते बरंचसं याच्या उलट.

कढईतलं तेल साधारण १६० ते १८० अंश सेल्सिअसला असतं आणि पाणी १०० अंशाला उकळतं. ओलं आवरण तेलात पडताच त्यातल्या पाण्याची वाफ होऊन ती बाहेर सुटते. तेलात दिसणारे बुडबुडे म्हणजे हीच वाफ. ती आतून जोरानं बाहेर येत असते, त्यामुळे तेलाला आत शिरायला फार वाव मिळत नाही. मात्र पाणी निघून गेलेल्या जागी बारीक छिद्रं आणि भेगा पडतात. आवरण कुरकुरीत होतं ते यामुळेच.

आता पदार्थ झाऱ्यावर उचलला. त्याच्या अंगावर तेलाचा पातळ थर आहे आणि छिद्रांत वाफ भरलेली आहे. बाहेर येताच आवरण थंड होऊ लागतं आणि वाफेचं पुन्हा पाणी होतं. पाण्याची वाफ होताना आकारमान सुमारे १,६०० पट वाढतं. वाफेचं पाणी होताना ते तितकंच आकसतं. छिद्रांमधला दाब एकदम उतरतो आणि अंगावरचं तेल आत ओढलं जातं. उफहाइल आणि एशर या संशोधकांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेलात विरघळणारा रंग वापरून बटाट्याच्या कापांमधल्या तेलाचा माग काढला होता. बरंचसं तेल काप बाहेर काढल्यानंतरच आत जातं, असं त्यांना दिसलं.

हे एकदा नीट समजलं की बाकीच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत. आवरणात छिद्रं किती आणि केवढी आहेत, आणि पदार्थ बाहेर निघताना त्याच्या अंगावर किती तेल आहे, एवढंच पाहायचं. पुढची बहुतेक उत्तरं यातूनच निघतात.

म्हणजे जेवढं पाणी जातं तेवढं तेल येतं का?

अगदी तेवढंच नाही, पण नातं जवळचं आहे. पदार्थ जितका जास्त वाळतो तितकी तेलाला जागा मिळते. बटाट्याचे पातळ, कडक वेफर्स घ्या: त्यांच्या वजनाचा जवळपास एक तृतीयांश भाग तेल असतो. त्याच बटाट्याच्या जाड, आतून मऊ राहिलेल्या फोडींमध्ये हे प्रमाण त्याच्या निम्म्याहूनही कमी असतं. फोडींच्या पोटात पाणी टिकून राहतं आणि आकारमानाच्या मानाने त्यांचा पृष्ठभागही कमी असतो.

यातून दोन गोष्टी लगेच करता येतात. तुकडे थोडे जाड आणि गुळगुळीत कापा. बोथट सुरीनं कापलेला खडबडीत काठ जास्त तेल धरतो. आणि रंग आला, आतून शिजलं की लगेच काढा. ‘अजून थोडा कडक होऊ दे’ म्हणत ठेवलेला प्रत्येक मिनिट तेलाच्या हिशेबात भर घालतो.

तेलाचं तापमान किती ठेवावं?

पिठाच्या आवरणाच्या पदार्थांसाठी १७० ते १८० अंश हा चांगला पट्टा आहे. मोठ्या, आतून शिजायला वेळ घेणाऱ्या तुकड्यांसाठी १६० ते १६५ अंशांपर्यंत उतरलं तरी चालतं.

‘तेल जितकं कडक, तितकं शोषण कमी’ हे मात्र अर्धंच खरं आहे. बटाट्यावरच्या अनेक प्रयोगांत असं आढळलं की १५० ते १८० अंशांच्या दरम्यान, पदार्थ शेवटी सारखाच कोरडा होईपर्यंत तळला, तर शोषलेल्या तेलात फार मोठा फरक पडत नाही. खरी अडचण तेल फार थंड असलं की होते. पीठ पटकन बसत नाही, वाफेचा जोर नसतो, आवरण भिजल्यासारखं राहतं आणि रंग यायची वाट पाहत पदार्थ तेलात पडून राहतो. नवशिक्यांचे घाणे तेलकट होतात ते बहुतेक वेळा याच कारणानं.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. १९० च्या वर तेल लवकर बिघडतं आणि आवरण करपतं तरी आत कच्चं राहतं. त्यात आणखी एक काळजी आहे. पिष्टमय पदार्थ १२० अंशांच्या वर तळले-भाजले की त्यात ॲक्रिलामाइड हे आरोग्याला घातक मानलं जाणारं रसायन तयार होतं, हे स्वीडनमधल्या संशोधकांनी २००२ मध्ये जाहीर केलं. तापमान आणि रंग जितका चढेल तितकं ते वाढतं. युरोपीय संघाच्या २०१७ च्या नियमावलीत बटाट्याच्या फोडी शक्यतो १७५ अंशांच्या खालीच तळाव्यात असं सांगितलं आहे. सोनेरी रंगावर थांबणं दोन्ही दृष्टींनी बरं.

थर्मामीटर नसेल तर?

पिठाचा एक थेंब तेलात सोडा. तळाशी जाऊन तिथेच रेंगाळला तर तेल थंड आहे. थोडा खाली जाऊन लगेच वर आला आणि भोवती बुडबुडे जोरात सुटले तर घाणा सोडायला हरकत नाही. पडताक्षणी वरच पसरून तांबूस झाला तर आच कमी करा आणि थोडं थांबा. तरीही तळणीचा थर्मामीटर ही वस्तू घ्याच, असा माझा आग्रह राहील. डोळ्याचा अंदाज पहिल्या घाण्याला बरोबर येतो, चौथ्याला चुकतो.

एका वेळी किती तुकडे सोडावेत?

तेलाच्या वजनाच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त माल एकदम टाकू नये. म्हणजे १ किलो तेलात फार तर १५० ते १६० ग्रॅम. पाण्याची वाफ करायला खूप उष्णता लागते, १ किलो पाण्याला सुमारे २,२६० किलोज्यूल, आणि ती सगळी तेलातून घेतली जाते. कढई भरून तुकडे टाकले की तेलाचं तापमान क्षणात ३०-४० अंशांनी खाली येऊ शकतं आणि घरगुती शेगडी ते पटकन भरून काढू शकत नाही. घाईच्या वेळी मोठे घाणे काढायचा मोह होतो. त्या वेळी तेल थोडं जास्त घेतलेलं बरं. कढईत तेल जास्त असलं म्हणून पदार्थ जास्त तेल पितो असं नाही, उलट तापमान टिकल्यामुळे कमी पितो. दोन घाण्यांच्या मध्ये तेल पुन्हा तापू द्या.

कोणत्या पिठाचं आवरण कमी तेल पितं?

इथे तांदळाच्या पिठाची बाजू भक्कम आहे. अमेरिकेच्या कृषी खात्यातले संशोधक फ्रेड शिह आणि किम डेगल यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तांदळाच्या पिठाच्या आवरणानं गव्हाच्या पिठाच्या मानाने बरंच कमी तेल शोषल्याचं दिसलं. पण त्या पिठाची अडचणही तितकीच खरी: त्यात ग्लुटेन, म्हणजे गव्हाच्या पिठाला चिकटपणा देणारं प्रथिन, नाही; पाण्यात कालवलं की ते खाली बसतं, तुकड्याला नीट चिकटत नाही, आणि नुसतंच वापरलं तर आवरण टणक होतं. म्हणून मी ते मिसळून वापरतो. मैदा किंवा हरभऱ्याच्या डाळीचं पीठ जितकं असेल त्याच्या एक तृतीयांश ते निम्मं तांदळाचं पीठ, आणि मधूनमधून ढवळत राहणं, कारण जड कण तळाशी साचतात आणि शेवटचे तुकडे वेगळ्याच पिठात बुडतात.

मक्याच्या पिष्टाचाही चांगला उपयोग होतो. ज्या पिष्टात अमायलोजचं (पिष्टाच्या सरळ साखळीच्या घटकाचं) प्रमाण जास्त असतं, त्याचा तळताना एकसंध, कडक पापुद्रा बनतो आणि तेलाला आत जायची वाट कमी मिळते. सोयाबीनचं पीठ थोडं घातलं तरी फरक पडतो. डोनटच्या तयार मिश्रणांत ते याच हेतूनं घातलं जातं. त्यातली प्रथिनं उष्णतेनं घट्ट होतात आणि पाणी धरून ठेवतात. चव मात्र बदलते, त्यामुळे एकूण पिठाच्या ५ ते १० टक्क्यांवर जाऊ नये.

नुसता मैदा खूप घोटला तर आवरण चिवट होतं. थंड पाणी घ्या, गुठळ्या मोडण्यापुरतंच ढवळा.

पीठ पातळ असावं की दाट?

दोन्ही टोकांना तोटा आहे. पाण्यासारखं पातळ पीठ तुकड्यावर ठरत नाही, जिथे ठरतं तिथे त्यातलं भरपूर पाणी वाफ होऊन जातं आणि मागे चाळणी उरते. ही चाळणीच तेल पिते. फार दाट पिठाचा थर जाड बसतो. आतला ऐवज थोडा, आवरण फार, आणि तेल तर आवरणातच असतं. झाऱ्यावरून किंवा चमच्यावरून सोडल्यावर सलग धार पडेल आणि चमच्याच्या पाठीवर पातळ थर टिकून राहील, इतपत सरसरीत पीठ हवं.

कालवलेलं पीठ २० ते ३० मिनिटं गार जागी ठेवा. पिठाचे कण पाणी पुरतं ओढून घेतात आणि आवरण सगळीकडे सारखं बसतं. तुकडा बुडवल्यावर भांड्याच्या काठाशी क्षणभर धरून जास्तीचं पीठ निथळू द्या. या एका सवयीनं तेलात पडणारा चुराही कमी होतो.

खाण्याचा सोडा घालावा की नाही?

कमी तेलकट पदार्थ हवा असेल तर घालू नका, किंवा चिमटीच्याही आत ठेवा. सोड्यातून सुटणारा वायू आवरण फुलवतो, म्हणजेच त्यात छिद्रं वाढवतो. हलकं, जाळीदार आवरण हातात घेतल्यावर छान वाटतं, पण त्याच जाळीत तेल साठतं. शिवाय सोड्यामुळे रंग लवकर येतो, त्यामुळे आतून शिजायच्या आधीच पदार्थ झाल्यासारखा दिसतो. हलकेपणासाठी सोड्याऐवजी तांदळाचं पीठ आणि थंड पाणी यांवर भर द्या.

पिठात कडकडीत तेलाचं मोहन घातलं तर पदार्थ कमी तेल पितो, हे खरं का?

मोहनामुळे पिठाचे कण तेलानं माखतात, ग्लुटेन कमी जोडलं जातं आणि आवरण खुसखुशीत होतं. हे त्याचं खरं काम. पण मोहनाचं तेलही शेवटी पोटातच जातं, आणि ते जास्त झालं तर आवरण ठिसूळ होऊन तेलात सुटतं. खुसखुशीतपणासाठी घालायचं तर जरूर घाला. तेल वाचवण्यासाठी घालू नका.

अंड्यानं काही फरक पडतो का?

पडतो, आणि पांढरा भाग आणि बलक यांचं वागणं वेगळं आहे. पांढऱ्या भागातली प्रथिनं ६० अंशांच्या थोडं पुढे गोठायला लागतात आणि ८० च्या आसपास पुरती घट्ट होतात. वाफेची मोठी छिद्रं पडण्याआधीच आवरण जमतं. बलकात स्निग्धांश आणि लेसिथिन असतं; लेसिथिन तेलाला पाण्याशी जुळवून घ्यायला मदत करतं, त्यामुळे तेलाचं शोषण वाढतं. अंडं वापरायचंच असेल तर फक्त पांढरा भाग घ्या.

तयार पदार्थांच्या पाकिटांवर मिथाइल सेल्युलोज लिहिलेलं असतं. ते कशासाठी?

तेल कमी करण्यासाठीचा हा सर्वांत परिणामकारक घटक आहे, असं मी स्पष्ट म्हणेन. वनस्पतींच्या सेल्युलोजवर प्रक्रिया करून तो बनवतात. पाकिटावर तो ई ४६१ या क्रमांकानं आणि त्याचा भाऊबंद हायड्रॉक्सिप्रोपिल मिथाइल सेल्युलोज ई ४६४ या क्रमांकानं दिसतो.

याचा स्वभाव जिलेटिनच्या बरोबर उलटा आहे. जिलेटिन थंड झाल्यावर घट्ट होतं आणि तापवल्यावर वितळतं. मिथाइल सेल्युलोज थंड पाण्यात विरघळतं आणि तापल्यावर, साधारण ५० ते ६० अंशांच्या पुढे, घट्ट जेल बनतं. तुकडा कढईत पडताच आवरणात हा पडदा तयार होतो. तो आतलं पाणी धरून ठेवतो आणि तेलाला अडवतो. खायच्या वेळी पदार्थ निवला की जेल पुन्हा सैल होतं, म्हणून तोंडात रबरासारखं लागत नाही.

प्रमाण अगदी थोडं पुरतं: १०० ग्रॅम पिठाला १ ग्रॅम, फार तर २. आधी कोरड्या पिठात नीट मिसळा आणि मग थंड पाणी घाला. पाण्यात थेट टाकलं तर गाठी होतात आणि त्या मोडता मोडत नाहीत. मिश्रण अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. सगळ्याच घरांत हे मिळणार नाही याची मला कल्पना आहे, पण जे रोज मोठ्या प्रमाणावर तळतात त्यांनी एकदा वापरून पाहावं असं मनापासून वाटतं.

झँथन गम, ग्वार गम, पेक्टिन यांनीही पीठ सारखं बसतं आणि पाणी धरलं जातं. पण तापल्यावर जेल होण्याचा गुण झँथन आणि ग्वारमध्ये नाही, म्हणून त्यांचा परिणाम तुलनेनं मवाळ असतो.

आतल्या भाजीची किंवा मांसाची तयारी कशी करावी?

कोरडी. कापलेल्या तुकड्यांना पाणी असेल तर पीठ घसरतं, आवरण फाटतं आणि त्या फटीतून तेल आत जातं. तुकडे स्वच्छ कापडानं टिपा, मग कोरड्या पिठात हलके घोळवा आणि त्यानंतर कालवलेल्या पिठात बुडवा. कोरड्या पिठाचा तो पातळ थर गोंदासारखं काम करतो. भाजीला मीठ लावून ठेवू नका. तिला पाणी सुटतं.

बटाट्याच्या फोडी पिठाविना तळायच्या असतील तर आधी ६५ ते ७० अंशांच्या पाण्यात काही मिनिटं ठेवून काढा आणि पूर्ण वाळवा. पृष्ठभागावरचं पिष्ट फुगून एकसंध थर होतो आणि पेशी थोड्या घट्ट होतात. वाळवण्याची पायरी गाळली तर मात्र फायदा राहत नाही. पंख्याखाली किंवा मंद ओव्हनमध्ये पृष्ठभाग हाताला कोरडा लागेपर्यंत ठेवा.

ब्रेडक्रम्समध्ये घोळवलेले पदार्थ जास्त तेलकट का होतात?

प्रत्येक चुऱ्याचा दाणा हा आधीच भाजलेला, सच्छिद्र स्पंज असतो. भरड चुऱ्यात पृष्ठभाग आणि पोकळ्या जास्त, त्यामुळे तेलही जास्त. बारीक चुरा वापरा, हातानं दाबून पातळ बसवा आणि सुटे कण झटकून टाका. अशा पदार्थांना ओव्हन किंवा एअर फ्रायर जास्त मानवतो.

पदार्थ कढईतून काढल्यावर काय करावं?

हाच या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. पीठ कसं कालवावं यावर आपण तासभर बोलतो आणि काढलेला घाणा मात्र ताटात एकावर एक ओतून पुढच्या तयारीला लागतो.

पदार्थ काढायच्या आधी शेवटच्या काही सेकंदांत आच थोडी वाढवा. तेल तापलेलं असलं की पातळ असतं आणि लवकर निथळतं. आवरणातून वाफही जोरानं बाहेर येत असते. मग तुकडे झाऱ्यावर उचला आणि कढईच्या वरच, गरम हवेत, ८ ते १० सेकंद धरा. हलकेच दोन-तीन झटके द्या. आवरण अजून तापलेलं आहे, आत ओढ सुरू झालेली नाही. अंगावरचं तेल खाली घालवायला याहून चांगली वेळ नंतर मिळत नाही. झाऱ्यापेक्षा तारेची जाळी बरी, कारण सपाट झाऱ्यावर तेलाचं तळं साचतं आणि तुकडा त्यातच बसतो.

पुढचं काम टिपण्याचं. तुकडे लगेच टिपकागदावर ठेवा, वरूनही कागद हलका टेकवा, आणि १५-२० सेकंदांत उचलून तारेच्या जाळीवर हलवा. पाच मिनिटांनी टिपून फारसं काही निघत नाही, कारण तोवर तेल आत गेलेलं असतं. तेच तुकडे कागदावर ठेवून दिले तर खालची बाजू स्वतःच्या वाफेनं भिजते आणि कागदात उतरलेल्या तेलातच बसून राहते. जाळीवर एकावर एक रचू नका आणि झाकू नका. तुकडा उभा ठेवता आला तर आणखी चांगलं. तेल एका कडेला ओघळतं.

ओव्हन असेल तर तो आधीच १२० ते १३० अंशांना तापवून ठेवा आणि टिपलेले तुकडे जाळीसकट आत सरकवा. आवरण एकदम थंड होत नाही, वाफ थोडा वेळ बाहेर येतच राहते आणि अंगावरच्या तेलाला निथळायला वेळ मिळतो. मोठ्या कारखान्यांतही तत्त्व हेच असतं. निर्वात तळणीत, म्हणजे हवेचा दाब कमी करून तळताना, चिप्स काढल्यावर हवेचा दाब परत देण्याआधीच ते गरगर फिरवून अंगावरचं तेल उडवून टाकतात. दाब आधी परत दिला तर ते तेल सरळ छिद्रांत जातं.

तेलात चिमूटभर मीठ टाकल्यानं शोषण कमी होतं का?

नाही. मीठ तेलात विरघळत नाही, तळाशी बसून राहतं. तळून, टिपून झाल्यावर वरून भुरभुरवा.

कोणतं तेल सर्वांत कमी शोषलं जातं?

ताज्या, चांगल्या तेलांमध्ये या बाबतीत मोठा फरक नसतो. तेल तळणीच्या तापमानाला धुरावणार नाही आणि लवकर बिघडणार नाही असं निवडा. सामान्य तापमानाला थिजणारी स्निग्धं मात्र पदार्थ निवल्यावर पृष्ठभागावरच गोठतात आणि तोंडात मेणचट लागतात, म्हणून तेल तितकंच असलं तरी पदार्थ जास्त तेलकट वाटतो.

तेच तेल पुन्हा वापरल्यानं पदार्थ जास्त तेलकट होतो का?

हो, एका मर्यादेनंतर. तापलेल्या तेलात पाणी मिसळत राहतं, हवा लागते, चुरा जळतो. तेलाचे रेणू तुटून मेदाम्लं आणि इतर पोलर संयुगं तयार होतात. त्यातली काही साबणासारखी वागतात: तेल आणि ओलं आवरण यांच्यातला दुरावा कमी करतात, तेल पदार्थाला जास्त घट्ट चिकटतं. काही रेणू एकमेकांना जोडले जाऊन तेल दाट होतं आणि दाट तेल निथळत नाही.

मायकेल ब्लुमेंथाल या अमेरिकी संशोधकानं तळणीच्या तेलाच्या अवस्था सांगितल्या आहेत. त्यात एक गोष्ट वाचून मला नवल वाटलं होतं: अगदी कोरं तेल सर्वांत चांगलं तळत नाही. ते पदार्थाला नीट भिडत नाही, रंग फिका येतो. थोडं वापरलेलं तेल उत्तम तळतं, आणि त्यानंतर मात्र घसरण सुरू होते. अनेक देशांच्या नियमांत पोलर संयुगांची मर्यादा २५ टक्क्यांच्या आसपास ठेवलेली आहे. घरी ते मोजण्याची सोय नसते, पण खुणा दिसतात: तेल गडद होतं, बारीक टिकाऊ फेस धरतं, आधीपेक्षा कमी आचेवर धुरावतं आणि बोटांत दाट, चिकट लागतं. असं तेल टाकून द्या. चांगलं तेल टिकवायचं तर प्रत्येक घाण्यानंतर चुरा काढा, निवल्यावर गाळा, झाकून अंधारात ठेवा आणि तांब्या-पितळेच्या भांड्यात तळू नका. तांबं तेलाची खराबी वाढवतं.

आधी अर्धवट तळून नंतर पुन्हा तळलं तर?

दोनदा तळल्यानं आवरण जास्त कुरकुरीत होतं, तेल कमी होईलच असं नाही, कारण पदार्थ दोनदा बाहेर निघतो आणि दोनदा थंड होतो. तेल कमी करणं हाच हेतू असेल तर आवरण बसेपर्यंतच तळा, लगेच टिपा, आणि उरलेलं शिजवणं २०० अंशांच्या ओव्हनमध्ये पूर्ण करा.

एअर फ्रायरमध्ये पिठात बुडवलेला पदार्थ करता येतो का?

ओल्या, सरसरीत पिठाचा नाही. ते जमण्याआधीच ओघळतं आणि पंख्याच्या वाऱ्यानं उडतं. तेलात आवरण काही सेकंदांत बसतं, हवा तितक्या वेगानं उष्णता देऊ शकत नाही. बारीक चुऱ्यात घोळवलेल्या तुकड्यांना ब्रशनं थोडं तेल लावून मात्र चांगला परिणाम मिळतो.

आपल्या पदार्थानं किती तेल प्यायलं हे घरी मोजता येईल का?

येतं, आणि मोजाच. प्रयोगशाळेत द्रावकानं तेल काढून मोजतात. त्यासाठीचं उपकरण फ्रान्झ फॉन सॉक्सलेट यांनी १८७९ मध्ये मांडलं होतं. घरी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. थंड तेलासकट कढईचं वजन करा. तळण झाल्यावर तेल पूर्ण निवू द्या, चुरा गाळून काढा, गाळलेलं तेल पुन्हा कढईत घालून वजन करा. झाऱ्यावर, कागदावर आणि गाळलेल्या चुऱ्यात राहिलेलं तेल वजा करायचं असेल तर कागद आणि चुराही मोजा, म्हणजे आकडा खऱ्याच्या आणखी जवळ जातो.

समजा कढई आधी १,८४० ग्रॅम होती आणि नंतर १,७६० भरली. ८० ग्रॅम कमी झालं. त्यातले १० ग्रॅम कागदात आणि चुऱ्यात आहेत. म्हणजे ७० ग्रॅम पदार्थात गेलं. तळलेल्या मालाचं वजन ५०० ग्रॅम असेल तर १४ टक्के तेल झालं. १ ग्रॅम तेलात ९ किलोकॅलरी असतात, म्हणजे त्या घाण्यांमध्ये ६३० किलोकॅलरी नुसत्या तेलाच्या. पुढच्या वेळी एकच गोष्ट बदला, पीठ किंवा घाण्याचा आकार किंवा निथळण्याची पद्धत, आणि पुन्हा मोजा. दोन-तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशानं फरक पडला ते कळत नाही. सुरुवात मी निथळण्यापासून करायला सांगेन: त्याला खर्च नाही, पाककृती बदलावी लागत नाही, आणि काट्यावरचा फरक पहिल्याच दिवशी दिसण्याची शक्यता तिथेच सर्वांत जास्त आहे.